फडाला नकाशावर जागा कुठे?

साक्री तालुक्यात पांझरेकाठची जुनी सिंचनाची कामं ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर चढवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. परवा पाहतो तर 'वेअर' (पाणी माथ्यावरून जाऊ देणारा बांध) म्हणून नोंदवलेला फडाचा, म्हणजे एकाच पाटपाण्यावरच्या सामाईक शेतांचा, बंधारा कुणी लांबून 'डॅम' करून ठेवलेला. उपग्रहचित्रात नदीला आडवी रेघ आणि मागे पाणी दिसलं की यांचं वर्गीकरण झालं! जागेवर यायला नको, कुणाला विचारायला नको. अहो, धरण पाणी साठवतं. फडाचा बंधारा पाणी पाटात शिरेल एवढंच उचलतो, उरलेलं माथ्यावरून खालच्या बंधाऱ्याला जातं. म्हणून तर एकाच नदीवर इतके बंधारे शतकानुशतकं नांदले.

नोंद बदलली, कारण लिहिलं आणि पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकरी बाबांसोबत पाटाने निघालो. पाटाची रेघ प्रवाहाच्या दिशेनेच ओढायची, सांडव्याची नदीकडे. जादा पाणी तिथून परत जातं. एका चारीच्या तोंडाशी बाबांनी फावडंभर चिखल टाकला, वर गवत दाबलं, टाचेने ठोकलं. पाणी क्षणभर थबकून पुढच्या चारीत वळलं. दार नाही, चाक नाही. याला नकाशात कुठला टॅग, म्हणजे प्रकाराची चिठ्ठी, लावणार?

खरी अडचण फडाची. शेतं 'फार्मलँड' म्हणून बसतात, पाट 'कॅनॉल' म्हणून. पण फड म्हणजे अनेकांची शेतं, एक पीक, पाण्याची एक पाळी. चालू फड उपग्रहचित्रातही ओळखू येतो: बांध कितीही असोत, रंग एकच. विहिरी झाल्या, वर धरणं आली, ज्याने त्याने आपापलं पीक घेतलं, तिथे नुसते तुकडे दिसतात.

चालू फडासाठी 'साइट' रिलेशन केलं. बंधारा, पाट, चाऱ्या, शेतं एकत्र बांधली. मोडलेल्या फडाच्या हद्दीही बाबांनी बोटाने दाखवल्या, हा दगड, ती निंब, अगदी बिनचूक. "हाई बी टाक," म्हणाले. नियम सांगतो, जमिनीवर आज आहे तेवढंच नोंदवा. नियम चांगला आहे, त्यानेच नकाशा विश्वासाचा राहतो. पण पाटाला पुन्हा पाणी आलं तर पाळी याच हद्दींनी लागेल, हे बाबांचं म्हणणंही मला खोडता येत नाही.

तूर्त मोडलेल्या फडाच्या चाऱ्या 'वापरात नाही' म्हणून टाकल्यात. हद्दी माझ्या फाइलीत आहेत. बाबांना काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.