फोराम ओळखताना नाव सगळ्यात शेवटी

फोरॅमिनिफेरा, म्हणजेच फोराम, हे बहुतेक समुद्रात राहणारे, कप्प्याकप्प्यांचं कवच बांधणारे एकपेशी जीव. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं पहिलं कवच दिसलं की हात चित्रकोशाकडे जातो. तिथेच घोळ होतो, कारण चित्राशी जुळवायला बसलं की न जुळणारी लक्षणं डोळ्यांआड होतात. आधी वर्णन, मग नाव. आणि वर्णनाच्याही आधी नीट धुतलेला नमुना.

मऊ गाळ रात्रभर पाण्यात भिजवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवायचा. बोटांनी चोळायचा नाही, पातळ कवचं फुटतात. चिकणमाती सुटत नसेल तर चिमूटभर कॅल्गॉन (मातीचे कण सुटे करणारी पूड). घट्ट शेल (चिकणमातीचा थरांचा खडक) असेल तर तुकडे ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून काही तास रॉकेलमध्ये बुडवायचे, मग रॉकेल ओतून टाकून पाणी घालायचं. पाणी आत शिरताना खडक भुगा होऊन सुटतो. तुकड्यात ओल राहिली असेल तर रॉकेल आत शिरतच नाही. बहुतेक वेळा हीच चूक असते. आम्ल अजिबात नको, कारण बहुतेक कवचं कॅल्साइटची, ती आम्लात विरघळतात. हायड्रोजन पेरॉक्साइडही जपून: सेंद्रिय पदार्थ जळताना द्रव आम्लधर्मी होतो आणि नाजूक कवचं कुरतडली जातात.

दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवावी. जाळीत अडकलेली जुनी कवचं निळी होतात, म्हणजे पुढच्या नमुन्यात निळं काही दिसलं तर ते पाहुणं.

उरलेला गाळ ५० अंश सेल्सिअसच्या आत वाळवायचा. तरंगत्या जातींच्या मोजणीसाठी साधारण १५० मायक्रॉनवरचा भाग घेऊन स्प्लिटरने (नमुन्याचे समान वाटे करणाऱ्या साधनाने) सुमारे ३०० कवचं उरतील इतका विभागायचा. चमच्याने उचलू नये, मोठे दाणे वर येतात. ३०० का? शंभरात एक असलेली जात १०० कवचांत निसटण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते, ३०० मध्ये ती ५ टक्क्यांवर येते.

आता कवचाकडे. पहिला प्रश्न भिंतीचा: वाळूचे कण चिकटवलेली, दुधी चिनीमातीसारखी, की छिद्रं असलेली काचेसारखी? ओल्या ब्रशने पाण्याचा थेंब ठेवला की काचेरी भिंत पारदर्शक होऊन कप्प्यांमधल्या शिवणी उठून दिसतात. दुधी भिंत दुधीच राहते. जीवाश्मांत मात्र पुनःस्फटिकीकरणाने काचेरी भिंतही पांढरी पडते. म्हणून फुटक्या कप्प्याच्या कडेला छिद्रं शोधावीत.

मग कप्प्यांची मांडणी, शेवटच्या वेढ्यातली त्यांची संख्या आणि मुख, म्हणजे कवचाचं उघडं तोंड. मुख गाळाने बुजलेलं असेल तर अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये (ध्वनिकंपनांनी साफ करणाऱ्या यंत्रात) काही सेकंद पुरेत. जास्त वेळ ठेवलं तर कवचच हरवेल. सर्पिल बाजू (जिथे सगळे वेढे दिसतात), नाभीची बाजू (मध्ये खळगा असलेली) आणि कड अशा तीन दिशांनी पाहिल्याशिवाय निर्णय नाही. ग्लोबिजेरिना बुलॉइड्स आणि ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर या दोन तरंगत्या जाती घ्या. बुलॉइड्समध्ये शेवटच्या वेढ्यात चार कप्पे आणि नाभीवर एकच मोठं मुख. रुबरमध्ये तीन कप्पे, मुख आधीच्या दोन कप्प्यांच्या शिवणीच्या बरोबर वर, आणि सर्पिल बाजूला जोडमुखं, म्हणजे जादा छोटी मुखं. उलटून पाहिलंच नाही तर ही जोडमुखं दिसणार कशी?

वळणाची दिशाही नोंदवावी. सर्पिल बाजू वर ठेवून कप्पे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढत गेले तर उजवं वळण. निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा या जातीचं डावं रूप ध्रुवीय थंड पाण्याचं. उजवं रूप आता इन्कॉम्प्टा या वेगळ्या जातीत धरतात.

एका सुबक कवचावरून वर्णन लिहू नये. वीस-पंचवीस कवचांचा व्यास, कप्प्यांची संख्या यांचा पल्ला द्यावा, पिल्लं वेगळी काढावीत. न्यूम्युलाइट्स या नाण्यासारख्या मोठ्या फोरामांमध्ये तर एकाच जातीच्या दोन पिढ्या, मोठ्या आरंभकप्प्याची (सगळ्यात पहिल्या कप्प्याची) लहान आणि बारीक आरंभकप्प्याची मोठी, पूर्वी दोन जाती म्हणून नोंदल्या गेल्या. शंका असेल तिथे नावाआधी ‘सीएफ.’ (cf., म्हणजे ‘याच्याशी ताडून पाहा’) लिहावं. चुकीच्या ठाम नावापेक्षा ते केव्हाही बरं.

राहिला प्रश्न कवच त्याच थरातलं आहे का याचा. झिजलेली, वेगळ्या रंगाची, आत वेगळाच गाळ भरलेली कवचं जुन्या थरातून वाहून आलेली असू शकतात. विहीर खोदताना वर येणाऱ्या चुऱ्यात उलट होतं: वरचे थर ढासळून खालच्या चुऱ्यात मिसळतात. त्यामुळे तिथे जात खाली कुठवर सापडते यावर भिस्त ठेवू नये. वरून खाली जाताना ती पहिल्यांदा कुठे भेटते तेवढंच धरावं.