तुम्ही विचारलंत म्हणून: .२२ चं पिस्तूल कोणतं घ्यावं?

एअर पिस्तुलावर हात बसला, दहा मीटरवर गोळ्या एका जागी पडायला लागल्या, की रेंजवरचं कुणी ना कुणी हे विचारतंच. "मॅडम, आता .२२ घ्यायचंय. स्पर्धा वगैरे काही नाही, सुट्टीच्या दिवशी हौसेने मारायचं. दगा न देणारं पिस्तूल कोणतं?" नाव सांगते, पण शेवटी. त्याआधी माझं म्हणणं एवढंच आहे की काडतूस आधी ठरवा आणि पिस्तूल मग.

.२२ च्या, म्हणजे साधारण ०.२२ इंच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) काडतुसाची रचनाच वेगळी आहे. मोठ्या बोअरच्या काडतुसात बुडाच्या मधोमध प्राइमरची स्वतंत्र टोपी बसवलेली असते. .२२ ला ती नाही. इथे पेट घेणारं मिश्रण पितळी बुडाच्या दुमडलेल्या कडेत पसरवलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कड चेंबरच्या (काडतूस बसतं त्या कप्प्याच्या) काठावर चेपते. कडेच्या एखाद्या भागात मिश्रण नीट पोचलं नसेल आणि पिन नेमकी तिथे पडली, तर नुसता 'टक्' असा आवाज येतो. तेव्हा नळी टारगेटच्या दिशेनेच धरून अर्धा मिनिट थांबायचं आणि मगच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढायचा. बाहेर आलेलं काडतूस डोळ्यांजवळ धरून पाहा. कडेवर पिनेचा खोल, स्वच्छ ठसा दिसला तर पिस्तुलाने आपलं काम केलं, खोट काडतुसात आहे. ठसा उथळ किंवा अर्धवट असेल तर पिन, स्प्रिंग किंवा आत साठलेली घाण तपासायची. हा ठसा वाचायला शिकलात की निम्म्या तक्रारी तुमच्या तुम्हीच सोडवाल.

दुसरी गोष्ट जोराची. ही पिस्तुलं ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे काडतुसाच्या धक्क्यानेच बोल्ट मागे जातो, रिकामी केस (काडतुसाचं पितळी कवच) फेकतो आणि पुढचं काडतूस आत घेतो. नेमबाजीच्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा स्टँडर्ड वेगाच्या काडतुसासाठी बसवलेल्या असतात: ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी आणि सेकंदाला साधारण ३३० मीटर वेग. हाय-व्हेलॉसिटी काडतुसं घातलीत तर बोल्ट दर वेळी मागे जाऊन आदळतो आणि पिस्तूल लवकर झिजतं. फार मऊ, म्हणजे कमी जोराची काडतुसं घातलीत तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रिकामी केस उभीच्या उभी अडकते. म्हणून तुमच्या डीलरकडे कोणतं काडतूस सातत्याने मिळतं ते आधी विचारा. परवान्यावर किती काडतुसं घेता येतील हेही ठरलेलं असतं, तेव्हा चार-पाच ब्रँड करून बघण्याची चैन आपल्याकडे फारशी नाही.

परवान्याचं थोडक्यात सांगते. .२२ असलं तरी ते अग्निशस्त्रच. शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो, तोही शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून. तो हातात येईपर्यंतचा काळ क्लबच्या पिस्तुलावर घालवा. तेवढ्यात तुमच्या हाताला काय जमतं ते तुम्हालाच कळेल.

हाताचं महत्त्व मी फार मानते. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, टारगेटकडे तोंड करून उभे राहा, डोळे मिटून हात उचला आणि मग डोळे उघडा. फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची माशी) रिअर साइटच्या (मागच्या साइटच्या) खाचेत आपोआप मधोमध आली असेल तर ग्रिप, म्हणजे मूठ, तुमची आहे. फ्रंट साइट दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल तर मनगट वळवून जुळवत बसू नका. ग्रिपचा आकार बदला किंवा लाकूड थोडं घासून घ्या. ट्रिगर एक किलोच्या खाली नेऊ नका. २५ मीटर पिस्तूल स्पर्धेचा किमान ट्रिगरचा नियमही तोच आहे, आणि हौसेने मारणाऱ्याला तर त्याहून हलका ट्रिगर मुळीच नको.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा का? तो फार गोड सुटतो, पण हौशी माणसाला मी मेकॅनिकलच सुचवते. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन वेळी बिघडलं आणि तिची मोलाची मिनिटं गेली. तिच्यासोबत अख्खा संघ होता. आपल्याला बिघाड काढून देणारा माणूस आपल्या गावात असायला हवा.

जुनं पिस्तूल घेत असाल तर दोन जागा बारकाईने बघा. एक, चेंबरचा काठ: पिनेने वर्षानुवर्षं टोचून तिथे खळगा पडला असेल तर काडतूस अडकणार. दुसरी, मॅगझिनचे (काडतुसं भरायच्या पेटीचे) ओठ, म्हणजे तिच्या वरच्या तोंडाच्या कडा. .२२ च्या काडतुसाला बाहेर आलेली कड असल्यामुळे ते भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढे राहावी लागते, आणि ओठ किंचित जरी वाकले तरी काडतूस वाकड्या तोंडाने चेंबरवर आपटतं. जॅम होणारी कितीतरी पिस्तुलं केवळ मॅगझिन बदलून सुधारलेली मी पाहिली आहेत.

आणि पावसाळा! परदेशी पिस्तुलासोबत येणाऱ्या पेटीतला फोम दमट हवा धरून ठेवतो. कोकणात, कोल्हापुरात, मुंबईत जून ते सप्टेंबर पिस्तूल त्यात ठेवू नका. पुसून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन कोरड्या कपाटात कुलपात ठेवा. गोळीवरचं मेण आणि काजळी बोल्टच्या तोंडावर साचते, ती प्रत्येक सरावानंतर जुन्या टूथब्रशने काढा. नळी रोज घासायची गरज नाही.

आता नाव. मेकॅनिकल ट्रिगरचं पार्डिनी एसपी परवडत असेल तर तेच घ्या. त्याचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं, त्यामुळे काडतुसाला चेंबरपर्यंत फार चढावं लागत नाही. वापरलेलं हवं असेल तर त्याच रचनेचं वाल्थर जीएसपी शोधा. हॅमर्ली २०८ मला मनापासून आवडतं, पण त्याचं उत्पादन थांबलंय, तेव्हा सुटे भाग कुठून मिळतील हे कळल्याशिवाय व्यवहार करू नका. कोणतंही घेतलंत तरी जास्तीचं मॅगझिन, फायरिंग पिन आणि रिकॉइल स्प्रिंग पिस्तुलासोबतच मागवा, नंतर एकेका भागासाठी महिनोन्महिने थांबावं लागतं.