सेकंड जनरेशन म्हणजे फक्त आपलीच पोरं नाहीत

इकडे अमेरिकेत मंडळाच्या गणपतीत चार आईबाबा जमले की विषय ठरलेला. पोरं मराठी बोलत नाहीत, आजीशी फोनवर दोन मिनिटं बोलायचं तर तोंड वाकडं. मग कोणीतरी एबीसीडीचा (अमेरिकन बॉर्न कन्फ्यूज्ड देसी) तो जुना जोक मारतो आणि सगळे हसतात, मी पण हसते. पण मी कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळ राहते आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मित्र कंबोडियन आहे, म्हणजे जन्म इथलाच, आईवडील तिकडचे, आणि त्याच्याशी बोलून बोलून मला आपली ही आयडेंटिटीची चर्चा जरा लाडावलेली वाटायला लागलीय.

कंबोडिया म्हटलं की आपला माणूस पहिलं काय विचारणार, तर अंकोरवाट! तो बिचारा हसून मान डोलावतो. त्याच्या घरी मात्र अंकोरवाटचं फक्त कॅलेंडर, बाकी देशाबद्दल चकार शब्द नाही. 17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने राजधानी नोम पेन्ह घेतलं, अख्खं शहर रिकामं करून माणसं शेतात राबायला पाठवली, आणि पुढच्या पावणेचार वर्षांत उपासमार, आजार आणि कत्तली मिळून 15 ते 20 लाख माणसं गेली. शिकलेला माणूस म्हणजे संशयित. याचे वडील शाळामास्तर होते, ते त्यांनी तिकडे लपवलं आणि इथे आल्यावरही कधी सांगितलं नाही, याला कॉलेजात असताना एका काकांकडून कळलं.

आपल्या पोरांना आपण वैताग येईपर्यंत सांगतो की आमच्या वेळी असं होतं, आमच्या वाड्यात तसं होतं, आणि दर उन्हाळ्यात पुण्याला नाहीतर सांगलीला नेऊन आंबे खाऊ घालतो. यांच्याकडे सांगायला कोणी तयार नाही आणि जायला आजोळच उरलेलं नाही. कॅलिफोर्नियातली ढीगभर डोनटची दुकानं कंबोडियन लोकांची आहेत, टेड नॉय नावाच्या माणसाने 70 च्या दशकात सुरुवात केली आणि मागून आलेल्यांना धंदा शिकवून दुकानं चालवायला दिली. मित्राचं घरही त्यातलंच. आईवडील मध्यरात्री उठून दुकानात, पोरं शाळेआधी काउंटरवर. आणि बँकेचं पत्र असो, आईचा डॉक्टर असो, नाहीतर सरकारी फॉर्म, सगळं आठ-नऊ वर्षांच्या पोराने इंग्लिशमधून समजावून सांगायचं. आईच्या आजाराची बातमी आईला द्यायची ती पण ह्यानेच. मग बाप रागावला तरी त्याच्या रागात दम कुठून येणार, सगळ्या सह्या कुठे करायच्या ते पोरगा दाखवतोय.

वर शाळेत सगळे एशियन एकाच डब्यात. म्हणजे एच-वनबी व्हिसावर आलेल्या इंजिनिअरची पोरगी आणि थायलंडच्या निर्वासित छावणीतून आलेल्यांचा पोरगा, दोघांनी गणितात हुशार असायलाच हवं. हा नव्हता, तर टीचरला वाटलं आळशी आहे. 80-90 च्या दशकात लाँग बीचला गँगची मारामारी जोरात होती, मार खाण्यापेक्षा आपली गँग बरी म्हणून बरीच ख्मेर, म्हणजे कंबोडियन, पोरं त्यात गेली.

मित्राचा मावसभाऊही त्यात गेला. छावणीत जन्मलेला, अडीच वर्षांचा असताना इथे आला. ग्रीनकार्ड होतं, सिटिझनशिपचा फॉर्म भरायचा असतो हे घरात कोणाला माहीतच नव्हतं. तरुणपणी एका मारामारीत शिक्षा झाली, ती त्याने भोगली पण. पण 1996 च्या कायद्याने डिपोर्टेशनचे नियम इतके कडक केले की अशा केसेसमध्ये माणूस किती वर्षं इथे आहे, बायकापोरं आहेत का, हे बघायची मुभाच जजला राहिली नाही. आणि 2002 मध्ये कंबोडियाने अमेरिकेशी करार करून अशी माणसं परत घ्यायचं मान्य केलं. परत कसलं! ज्या देशात त्याने पाऊल ठेवलं नव्हतं तिकडे पाठवला. आपल्याकडे पोरगा इंडियात कंटाळतो ही तक्रार, इथे पोराला माहीत नसलेल्या देशात कायमचं टाकून दिलंय.

तो आता नोम पेन्हमध्ये इंग्लिश शिकवतो. ख्मेर भाषा मोडकीतोडकीच. तिथले लोक त्याला अमेरिकनच समजतात, टुकटुकवाले भाडंही अमेरिकनाचंच लावतात.