बिग पिंकच्या तळघरात आवाज खाली आला

अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ राहते म्हटलं की तिकडून पहिला प्रश्न येतो, ‘तो प्रसिद्ध संगीत महोत्सव झाला तेच गाव ना?’ नाही. १९६९चा तो महोत्सव इथून साठेक मैलांवर, बेथेलला झाला. कॅट्सकिल डोंगरांतल्या या गावाची मला जास्त मोलाची वाटणारी गोष्ट आहे ‘द बँड’ हा पाच जणांचा रॉक चमू.

चौघे कॅनडातल्या ऑन्टारिओचे, ड्रमर लिव्हॉन हेल्म अमेरिकेतल्या आर्कान्साचा. रॉक-अँड-रोल गायक रॉनी हॉकिन्सच्या मागे ‘हॉक्स’ म्हणून टोरांटोच्या बारमध्ये वाजवत ते तयार झाले. बारमध्ये गोंगाटाच्या वर जायचं तर आवाज चढाच लागतो. १९६५ मध्ये लोकगीतांच्या धाटणीचा गायक म्हणून गाजलेल्या बॉब डिलनबरोबर दौऱ्यावर निघाले, तर इलेक्ट्रिक गिटार ऐकून लोक हुर्यो उडवायचे. हेल्म वैतागून निघून गेला, मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीवर कामाला लागला.

१९६७ मध्ये बाकीचे इथे आले. वुडस्टॉकशेजारी वेस्ट सॉगर्टीजला त्यांनी गुलाबी रंगाचं घर भाड्याने घेतलं, तेच ‘बिग पिंक’. तळघरात सिमेंटच्या भिंती, आवाज वाढवला की नुसता कल्लोळ! मग सगळे समोरासमोर बसून हळू वाजवू लागले. बैठकीत तबलजी गवयाच्या श्वासाकडे लक्ष ठेवतो, तसं. डिलन यायचा, ऑर्गनवाला गार्थ हडसन टेप सुरू करायचा, आणि जुनी लोकगीतं, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, कंट्री असं काय काय चालायचं. हेल्मही परतला.

१९६८चा त्यांचा पहिला अल्बम ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ ध्वनिमुद्रित झाला न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत, पण त्यात वाजतं ते हे तळघरच. बाकीचं रॉक तेव्हा दिवसेंदिवस कर्कश होत होतं, हे लक्षात घेतलं की यांचं धाडस कळतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या अल्बमसाठी, ‘द बँड’साठी, पुन्हा मुक्काम हलवला, हॉलिवूडला. गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनियरचं घर भाड्याने घेतलं आणि पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोलीत मांडामांड केली. जागा बदलली, बसायची पद्धत तीच. ‘रॅग मामा रॅग’ या गाण्यात तर हेल्म मँडोलिनवर, पियानोवाला रिचर्ड मॅन्युएल ड्रमवर, बासवाला रिक डँको फिडलवर आणि निर्माता जॉन सायमन ट्यूबा या मोठ्या पितळी वाद्यावर! हातातलं वाद्य बदलूनही ताल सैल पडत नाही, कारण प्रत्येकाचा कान दुसऱ्याकडे आहे. माझ्या मते हाच त्यांचा सर्वोत्तम अल्बम.

इकडे येणार असाल तर बिग पिंक खासगी आहे, बाहेरूनच बघा. हेल्मने वुडस्टॉकमध्ये कोठारवजा स्टुडिओ बांधला होता. घशाच्या कर्करोगाच्या उपचारांचा खर्च भागवायला २००४ पासून तो तिथे मैफली करू लागला. २०१२ मध्ये तो गेला, मैफली अजून होतात. तिकीट आधी काढून ठेवा.