कीळूर: सह्या होण्याआधीचं गाव

पुदुच्चेरीला गेलेला मराठी माणूस ऑरोविल बघतो, पिवळ्या भिंतींपुढे फोटो काढतो आणि संध्याकाळी गुबेर अव्हेन्यूवर समुद्राचा वारा खातो. मीही ते सगळं केलं. हे गुबेर म्हणजे पुदुच्चेरीवर फ्रेंचांचं राज्य होतं तेव्हाचे त्यांचे इथले खंदे समर्थक. १९५४ च्या मार्चमध्ये त्यांनी बाजू बदलून भारताची धरली, पुढे मुख्यमंत्री झाले आणि समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याला त्यांचंच नाव लागलं. राजकारणात वेळ साधणं म्हणतात ते हेच!

मला मात्र कीळूर बघायचं होतं. पुदुच्चेरीने भारतात यायचं की नाही, याचं मतदान १९५४ मध्ये ज्या गावात झालं, ते हे. विलियानूर मागे पडलं की भातखाचरं लागतात. पुदुच्चेरीचा नकाशा तुकड्यातुकड्यांचा. मध्येमध्ये तमिळनाडू घुसलेला. पाटी नजरेतून सुटली तरी दारूची दुकानं ओळीने दिसू लागली की समजायचं, पुन्हा पुदुच्चेरी आली. फ्रेंच अंमल असताना भारताने जकातीची नाकेबंदी आवळली तेव्हा या तुकड्यांत राहणाऱ्यांचं काय झालं असेल, ते इथून जाताना नीट कळतं.

मे १९५४ मध्ये भारताचे परराष्ट्र सचिव आर. के. नेहरू पॅरिसला वाटाघाटींना गेले, पण बोलणी फिसकटली. त्याच महिन्यात व्हिएतनाममधलं फ्रेंचांचं लष्करी ठाणं दिएन बिएन फू पडलं, जूनमध्ये मेंदेस-फ्रान्स फ्रान्सचे पंतप्रधान झाले आणि फ्रान्सचा सूर बदलला. अडचण उरली ती त्यांच्या राज्यघटनेची. तिथल्या जनतेच्या संमतीशिवाय प्रदेश देता येत नाही, असं कलम २७ सांगत होतं. भारताला सार्वमत नको होतं. मग तोडगा निघाला: लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी आणि नगरपालिकांचे सदस्य यांनी मत द्यायचं. १८ ऑक्टोबर १९५४ ला कीळूरला १७८ जण जमले. विलीनीकरणाच्या बाजूने १७०, विरोधात ८. तीनच दिवसांनी दिल्लीत करारावर सह्या झाल्या आणि १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला.

या तारखा बघितल्या की मतदानात नवल उरत नाही. सगळं आधीच ठरलं होतं. पॅरिसला कलम पाळल्याचं दाखवता यावं, एवढीच सोय. मला यात लबाडी वाटत नाही, उलट कौतुकच वाटतं. दोघांचीही अब्रू राहिली आणि युद्ध न करता काम झालं. आपल्या गोव्याबाबत भारताने १९५० मध्येच बोलणी मागितली होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचं उत्तर ठरलेलं: गोवा पोर्तुगालच आहे, बोलायचं काय? शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये लष्कर पाठवावं लागलं.

फ्रेंच संसदेने मात्र मान्यतेला १९६२ पर्यंत लावलं. स्वातंत्र्यासाठी लढणारा फ्रेंच अल्जीरिया हातून सुटेपर्यंत दुसरा प्रदेश सोडल्याची सही कोण करणार? १६ ऑगस्ट १९६२ ला कायदेशीर हस्तांतर झालं. दरवर्षी त्या तारखेला कीळूरच्या स्मारकापाशी झेंडावंदन होतं. जायचंच असेल तर तोच दिवस गाठा, एरवी तुमचा हॉटेलवालाही माझ्या हॉटेलवाल्यासारखाच विचारेल, "तिथे काय आहे?"