पार्किंगचं डांबरीकरण: तिसऱ्यांदा, पण या वेळी खालून

विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग दोनदा डांबरलं आणि दोनदा उखडलं. दोन्ही वेळा मे संपत आला की घाईघाईनं जुन्यावरच नवा थर टाकून घेतला होता. गेटजवळ जाळीसारख्या भेगा पडल्या, खडी सुटली, आणि तळमजल्यावरच्या आजी त्या खडीवरून घसरल्या. मनगट मोडलं. मी सचिव होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. मी कोटेशनं घेऊन गेले, तर म्हणाले, "वहिनी, कागद राहू द्या, आधी बादल्या आणा." पार्किंगभर पाणी ओतलं, अर्ध्या तासानं जिथं साचून राहिलं तिथं खडूनं गोल आखले. बहुतेक गोल भेगांच्या जाळीवरच आले. खाली काळी माती. पाणी मुरलं की फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर कितीही डांबर ओता, खालचा आधारच हलत होता.

सभेत खर्चावरून बरीच वादावादी झाली. शेवटी रंगकाम वर्षभर पुढं ढकललं आणि ते पैसे इकडं वळवले.

काम फेब्रुवारीत काढलं. गेटजवळ दीड फूट खोदून काळी माती काढली, मुरूम आणि खडी पाणी मारून थराथरानं दाबली. गटारीकडं मीटरला दोन सेंटिमीटर उतार ठेवला. हे करण्यातच जास्त दिवस गेले, आणि माझ्या मते खरं काम तेवढंच होतं. त्यावर ५० मिमी बीबीएम (डांबर मिसळलेल्या जाड खडीचा थर), २० मिमी कारपेट (डांबर आणि बारीक खडीचा वरचा थर) आणि पाणी शिरू नये म्हणून शेवटचा पातळ सीलकोट.

थर टाकण्याआधी धूळ कॉम्प्रेसरनं उडवली, मग थर एकमेकांना चिकटावेत म्हणून इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, फवारलं. ते फवारताना चॉकलेटी दिसतं. त्यातलं पाणी सुटलं की काळं पडतं. तोवर थांबायचं असतं. मागच्या वेळी कुणी थांबलं नव्हतं, धूळही झाडली नव्हती. पापुद्रे का सुटले ते तेव्हा उमगलं.

कारपेटच्या दिवशी दुसरा डंपर उशिरा आला. काकांनी मालात थर्मामीटर खुपसला. पहिल्या डंपरला १४५ अंश होते, इथं १०५. मुकादम म्हणाला, "ताई, रोलर फिरला की बसतंय सगळं." काका म्हणाले, पसरेपर्यंत आणखी उतरेल, दाबलाच जाणार नाही, आत पोकळ्या राहतील आणि पाणी तिथूनच शिरेल. मी डंपर परत पाठवला. मुकादम चिडला, पण तासाभरानं वाफाळता माल घेऊन आला. जुन्या-नव्या सांध्याची कड सरळ कापून तिला डांबर लावायलाही मी समोर उभी राहिले.

तीन दिवस गाड्या बाहेर. पहिला उन्हाळाभर स्टँडखाली प्लायचा तुकडा ठेवायची सक्ती केली, नाहीतर कोवळ्या डांबरात स्टँड रुततो. इंजिनचं ऑइल गळलं की त्यावर लगेच वाळू टाकून उचलायची, कारण ऑइल आणि डिझेल डांबर विरघळवतात. दर एप्रिलमध्ये बारीक भेगा भरायच्या आणि गटार उपसायची, हे आता वार्षिक कामांत लिहून ठेवलंय.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आजी गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाणी सरळ गटारीच्या जाळीकडं वाहत गेलं. फक्त कडुलिंबाखाली ताटलीएवढं साचलं. दिवाळीनंतर तेवढा भाग कापून नीट करून घेणार आहोत.