पाणी हलायच्या आत

आजचं पान सूर्यापेक्षा पाण्याचंच. डोंगरातल्या तळ्याचा पहाटेचा फोटो बहुतेक वेळा वाऱ्यामुळे फसतो, उजेडामुळे नाही. रात्रभर उतारावरून खाली वाहणारी गार हवा पहाटे मंदावते. ऊन पडून उतार तापले की तीच हवा वर चढू लागते. या दोन्हींच्या मधे जी निवांत वेळ मिळते, तेवढीच आपली. झुळूक सुटली की शिखराचं प्रतिबिंब उभं ताणलं जातं, मग विस्कटतं.

म्हणून तांबडं फुटायच्या आधीच, सूर्योदयापूर्वी तासभर, ट्रायपॉड उभा हवा. छापलेली सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिजाची असते. पूर्वेला 10 अंश उंचीचा कडा आड असेल, तर विषुवदिनी 45 अक्षांशावर ऊन तळ्यावर पोचायला त्यानंतर जवळजवळ तास जातो, विषुववृत्तावर 40 मिनिटं. पश्चिमेचं शिखर मात्र तोवर पेटलेलं असतं. शिखर उन्हात आणि पाणी अजून सावलीत, ही सगळ्यात मोलाची घटका. सूर्यबिंब दिसायची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातून नेमकी तीच निसटते.

काठावरच्या चिखलात ट्रायपॉडचे पाय आधीच दाबून घट्ट बसवावेत. नाहीतर 10 सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये एखादा पाय केसभर खचतो आणि सगळा फोटो मऊ येतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते कळतही नाही. मधला दांडा खालीच ठेवावा, हाताचं हलणं सावरणारा स्टॅबिलायझर बंद, टायमर 2 सेकंदांचा.

कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. प्रतिबिंब ही डोंगराची नुसती उलटी प्रत नसते. कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्याखाली दुसरा कॅमेरा आहे असं समजावं. त्याला जे दिसेल ते प्रतिबिंब. समोर 3 मीटरवर पाण्यातून अर्धा मीटर वर आलेला खडक आहे असं धरू. कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल तर पाण्यातला तो खडक सुमारे 34 अंशांपर्यंतचा डोंगर झाकून टाकतो, म्हणजे बहुधा अख्खं शिखरच. कॅमेरा 30 सेंटीमीटरवर आणला की तोच खडक 15 अंशांवर थांबतो. उंच कड्यावरून तळं टिपताना पलीकडच्या काठाची झाडी मागच्या शिखराचं प्रतिबिंब खाऊन टाकते, तेही याच कारणाने. गुडघे ओले झाले तरी चालतील, पण खाली बसूनच पाहावं.

फुल फ्रेम (मोठ्या, 36 × 24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 16 मिमी लेन्स, एफ/11 (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि फोकस 80 सेंटीमीटरवर ठेवला, तर साधारण 40 सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/22 ला जाऊ नये, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, बारकावे बोथट होतात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 100 ठेवावी. अंधारात 30 सेकंदांपासून सुरू झालेला शटर उजाडत जाईल तसा भराभर कमी करावा लागतो, त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघावा, तोही तिन्ही रंगांचा वेगवेगळा. गुलाबी शिखरावर लाल रंग आधी फुटतो, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन त्यातले बारकावे जातात, आणि एकत्रित आलेख मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवत राहतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर सोडला तर पहाटेची निळाई आणि शिखराची लाली दोन्ही धुऊन निघतात. 5200 केल्विनवर बांधून ठेवावा आणि रॉमध्येच (सेन्सरची कच्ची नोंद जपणाऱ्या फाइलमध्ये) टिपावं.

ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक काच) हाताशी असला की जास्त गडद लावण्याचा मोह होतो. पण 10 अंश उंचीच्या शिखराचा जेमतेम एक तृतीयांश उजेड पाण्यावरून परत येतो, म्हणजे प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा सुमारे दीड स्टॉप गडद (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो). तिथे 3 स्टॉपचा फिल्टर लावला की पाण्यातलं शिखर खऱ्या शिखरापेक्षा उजळ दिसतं. कारण सांगता आलं नाही तरी बघणाऱ्याला ते खटकतंच. 1 स्टॉप, फार तर 2. पोलरायझर, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर, पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे 37 अंशांच्या कोनात सगळ्यात जास्त काम करतो. त्यामुळे पायाशी तळाचे गोटे दिसू लागतात आणि दूरचं शिखर पाण्यात बरंचसं टिकतं. तळ दाखवायचा नसेल तर पोलरायझर काढूनच ठेवावा.

बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, म्हणून जोडीची बॅटरी आतल्या खिशात. परतल्यावर कॅमेरा उबेत आणण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा, म्हणजे दव पिशवीवर धरतं, काचेवर नाही.

झुळूक आली की दूरच्या पाण्यावर आधी एक काळसर रेघ उमटते. ती दिसली की रुंद चौकट सोडून द्यावी. खडकाआड किंवा लव्हाळ्यामागे वाऱ्यापासून आडोसा असलेलं पाणी अजून काही मिनिटं स्थिर असतं. 70 मिमीच्या पुढची लेन्स लावावी आणि तिथे उतरलेला शिखराचा एवढासा तुकडा टिपावा.